कंदीलवालीचा नियम

७ जानेवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, दादा बरा आहे. म्हणजे होता तसाच आहे. फोनवर बोलायचं तर माझा डावा कान आता फक्त कुडी अडकवण्यापुरता उरलाय आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. शिवाय हे नियमांचं प्रकरण आहे. कागदावर असलं की शिवणाच्या मशीनच्या वर टाचणीने लावून ठेवता येतं.

झालं असं, की काल लोकरीचे कपडे काढताना खोक्याच्या तळाशी एक पत्र्याचा डबा निघाला. मला वाटलं बटणं असतील. उघडला तर तुझे ते लहानपणचे चित्रांचे पत्ते. दोन जोड, एकाला लाल रबर, एकाला निळं. हात लावताच दोन्ही रबरं तुटली. दादा खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होता, निदान तोंड तरी तिकडे होतं. डबा खडखडला तसा वळला आणि डावा हात पुढे केला. ठकू, अर्धांगाचा झटका आल्यापासून चार महिन्यांत या माणसाने कशाकडे हात पुढे केला नव्हता. घाससुद्धा मी तोंडाशी नेला तरच खातो.

निळा जोड त्याने आपल्यापुढे ओढला, लाल माझ्याकडे ढकलला आणि म्हणाला, "चला."

आता "चला" तो सगळ्यालाच म्हणतो. पाणी हवं तरी चला, नको तरी चला. जन्मभर लोकांना गाडी शिकवली, त्यातला एवढा एकच शब्द जिभेवर राहिला. मानेवरही भरवसा नाही. हो म्हणून हलवतो आणि पेला पुढे केला की ढकलून देतो. म्हणून तर डॉक्टर म्हणतात, आत किती पोचतंय ते सांगता येत नाही. पण पत्ते ढकलले ते मी डोळ्यांनी पाहिलं.

मला पत्त्यांतलं बदाम सात आणि गुलामचोर सोडून काही येत नाही. तेव्हा सांग. या पानांवर राजा नाही, राणी नाही, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं आहेत. तीन तऱ्हा दिसतात. काहींवर ज्योत, काहींवर माणसं, काहींवर नुसता हाताचा पंजा. कशाचं काय करायचं? सुरुवातीला हातात किती घ्यायची? आणि जिंकलो हे कसं कळतं?

तुमच्याकडच्या त्या शुश्रूषाकेंद्रात मार्चमध्ये जागा होईल, हे तू कळवलेलं वाचलं. त्यावर मग बोलू.

तुझी आत्या

१४ जानेवारी

प्रिय आत्या,

तो डबा मी कधीच गेला असं समजून होते. उत्तरं देते. कॉलेजात असताना या खेळाच्या स्पर्धांत मी पंच म्हणून उभी राहायचे, त्यामुळे नियम अजून पाठ आहेत.

ज्योतीची पानं म्हणजे ताकद. आपल्या पाळीत एकच ज्योत मांडायची, जास्त नाही. माणसांची पानं म्हणजे वीर. वीराच्या कोपऱ्यात जो आकडा आहे तेवढ्या ज्योती आडव्या करायच्या, मग तो मांडता येतो. आडव्या केलेल्या ज्योती पुढच्या पाळीला पुन्हा उभ्या करायच्या. पंजा म्हणजे करामत. एकदा वापरली की संपली. संपलेल्या करामती आणि मेलेले वीर बाजूला एका ढिगात टाकायचे, त्या ढिगाला राख म्हणतात. राखेतलं पान परत येत नाही.

प्रत्येकाचा जोड बरोबर चाळीस पानांचा. पिसून समोरच्याला काटायला द्यायचा. हातात सात घ्यायची, दर पाळीला एक ओढायचं. प्रत्येकाचे प्राण वीस. वीरांनी हल्ला करून समोरच्याचे वीस संपवले की जिंकलं. नव्याने मांडलेला वीर त्याच पाळीत हल्ला करत नाही, हे नवशिक्यांच्या हमखास चुकतं.

आत्या, एक सांगू? बाबा खेळतायत असं समजू नकोस. ओळखीची वस्तू दिसली की हात आपोआप पुढे जातो. आमच्या चष्म्याच्या दुकानात एक आजोबा येतात, त्यांना स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही, पण चष्मा हातात दिला की काच पुसतात. मला तुझी निराशा नको आहे.

केंद्राचं मीच बोलते. तळमजल्यावर ज्यांना समज आहे अशी माणसं राहतात. बाग आहे, दारं उघडी असतात, स्वतःचं सामान ठेवता येतं. वरचा मजला ज्यांना समज उरलेली नाही त्यांचा. तिथलं दार बाहेरून बंद असतं. बाबांना कुठल्या मजल्यावर ठेवायचं ते मला फेब्रुवारीअखेर कळवायचं आहे. तू या वयात तो जिना चढून त्यांचं सगळं करतेस. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आणि मी दिवसभर बाहेर. दुसरा मार्ग मला सुचत नाही. ते बोलू शकत असते तर त्यांनाच विचारलं असतं.

तुझी
ठकू

२३ जानेवारी

चि. ठकू, आशीर्वाद.

तुझा कागद मशीनच्या वर लावलाय. काल एक बाई झगा आखूड करायला आल्या, त्या तोच वाचत बसल्या. विचारलं, राख म्हणजे काय हो? म्हटलं, तुम्ही मापाला उभ्या राहा.

दादाचा उजवा हात मांडीवर पडलेला, मग पानं धरणार कशी? जाड कापडाच्या पट्टीला खिसे शिवले, दहा खण, आणि ती पट्टी त्याच्यापुढे टेबलाला बांधली. पानं खणांत खोचायची, डाव्या हाताने काढायची. माझ्याकडे पाठ केलेली राहतात. माझ्या दुकानातला इस्त्रीवाला म्हणाला, आत्याबाई, पेटंट घ्या.

आता खेळाचं. पहिल्या दिवशी मी तुझा कागद नीट न वाचता दोन ज्योती मांडल्या. त्याने बोटाने टेबलावर दोनदा टकटक केलं. मला कळेना. पान उचललं की गप्प, ठेवलं की टकटक. शेवटी उठून कागद वाचला तर चूक माझीच! दुसऱ्या दिवशी नवा वीर मांडून लगेच हल्ला केला. टकटक. तुला ती टकटक आठवते का? मला एकदा गाडी शिकवायला बसवलं होतं, तेव्हा समोरच्या फळीवर अशीच दोनदा वाजवायचा. म्हणजे ब्रेक. मी ब्रेक सोडून दुसरं काहीतरी दाबलं आणि फाटक पाडलं, ती गोष्ट निराळी.

पण एक वाईटही लिहायला हवं. पाळी माझी असते आणि हा मध्येच पान टाकतो. मी वीर पुढे केला की याने खणातून पंजा काढून त्याच्यावर आपटलाच. मी म्हणते, दादा, अरे पाळी माझी. तो म्हणतो, चला. डॉक्टर परवा खाली दुकानात आले होते, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, थांबण्याचं भान जातं, त्या आजारात होतं असं. हे खरं का? आणि त्याने पंजा टाकल्यावर मीही पंजा टाकला, तर आधी कोणाचं चालायचं? आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो.

तुझी आत्या

३० जानेवारी

प्रिय आत्या,

डॉक्टरांना हा खेळ येत नाही. करामत समोरच्याच्या पाळीत टाकता येते. खरं तर ती तेव्हाच टाकायची असते, तू वीर पुढे केल्यावर, तू गाफील असताना. नवशिके आपल्याच पाळीत टाकून मोकळे होतात. बाबा मला नेहमी म्हणायचे, वळण आल्यावर गिअर बदल, घरातून निघतानाच नको.

दोघांनी करामती टाकल्या तर शेवटी टाकलेली आधी चालते. तुझ्याकडे इस्त्रीचे कपडे एकावर एक ठेवतात तसं समज. वरचा आधी उचलायचा.

हे पत्र मी दोनदा फाडून पुन्हा लिहायला घेतलंय. टकटकीचं मी दुकानात उभ्याउभ्या तीनदा वाचलं. मला खूप आशा वाटली, आणि त्या आशेचीच भीती वाटते आहे. आमच्याकडे डोळे तपासताना माणसं अंदाजाने अक्षरं सांगतात, दिसत नसली तरी. म्हणून आम्ही मधूनच तीच काच परत लावून बघतो. तूही तसं कर. चार खेळ्या बरोबर कर आणि मध्येच एखादी मुद्दाम चुकीची. आडवी ज्योत पुन्हा वापर, असलं काहीतरी. चेहऱ्यावर काही दाखवू नकोस. तुझा चेहरा म्हणजे उघडं दुकान आहे, हे लक्षात ठेव. ते फक्त चुकीलाच टकटक करतात की उगीच अधूनमधून करतात, एवढंच मला हवंय.

ठकू

८ फेब्रुवारी

चि. ठकू,

केलं तुझं सगळं. तोंडात टाचण्या धरून खेळले, म्हणजे चेहरा हलायला नको. सहा चुका केल्या. सहाही पकडल्या. बरोबर खेळीला एकदाही बोट उचललं नाही. सहाव्या चुकीला तर आधी माझ्याकडे बघितलं, मग टाचण्यांकडे, आणि हसला. तोंडाची एकच बाजू हसते, पण हसला. मी टाचण्या काढून ठेवल्या.

इथेच पत्र संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण ताकाला जाऊन भांडं का लपवू? एक गोष्ट मी मागच्या पत्रात गाळली होती. तुझ्या लाल जोडात एक वीर आहे, हातात कंदील घेतलेली बाई. ती मेली की मी राखेत टाकते. आणि दादा दर वेळी ती राखेतून काढतो आणि माझ्या हातात परत देतो. मी पुन्हा राखेत टाकली की टकटक. पुन्हा काढतो, पुन्हा देतो. मी तुझा कागद आणून दाखवला, राखेतलं पान परत येत नाही. कागद त्याने बाजूला सारला. परवा तर त्या बाईमुळे तो हरला, तरी देतोच आहे.

हात दाखवून अवलक्षण करतेय हे कळतंय मला. पण तू तीच काच परत लावायला सांगितलीस, तर दिसतं ते सगळं सांगायला हवं.

आत्या

१५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

खरं लिहिलंस हे बरं केलंस.

हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात. राखेतलं पान परत येत नाही, आणि समोरच्याचं तर कोणी कधी परत देत नाही. मी शेकडो डावांना पंच होते, इतकी मूलभूत चूक मी लहान पोरांचीही पाहिली नाही. एकदा घडलं असतं तर विसरले म्हटलं असतं. पण दर वेळी, आणि हरत असताना! ते कोणासाठी खेळतायत हेच त्यांना कळत नसेल, तर ती टकटकही तुझ्या चेहऱ्याला असेल, टाचण्या होत्या तरी. माझे बाबा जिंकण्यासाठी खेळायचे. दयामाया नाही. मला रडवायचे.

मी काल इस्त्रीवाल्याला फोन केला. गेल्या महिन्यात त्यांना उचलताना तू जिन्यात पडलीस, आठ दिवस कमरेला पट्टा होता, आणि तोच त्यांना रोज उचलून बसवतो आहे. हे तू मला एका ओळीने कळवलं नाहीस. पेटंटचं मात्र कळवलंस.

केंद्राला मी वरचा मजला सांगितला आहे. दहा मार्चला गाडी घेऊन येते. आत्या, मला हे करताना काय होतंय ते मी लिहू शकत नाही. पण तुम्हा दोघांपैकी एक जण तरी मला धडधाकट हवं आहे.

ठकू

२० फेब्रुवारी

ठकू,

कंबर माझी आहे. तिची तक्रार मी केलेली नाही.

वरचा मजला. बाहेरून बंद दार. ज्या माणसाने गावभर लोकांना रस्ता दाखवला त्याला. तू शिकलीसवरलीस, तुझं बरोबरही असेल. मी शिंपीण आहे, मला एवढंच कळतं की कापड एकाच जागी उसवत असेल तर कापडात दोष नसतो, त्या जागी काहीतरी असतं.

म्हणून तुझ्या त्या पंचाच्या डोक्याला माझा एक नवशिक्या प्रश्न. माझे बाकीचे वीर मरतात, ते तो राखेत निमूट राहू देतो. ढालवाला, तो दाढीवाला, जुळे भाऊ, कोणालाच परत देत नाही. फक्त कंदीलवाली. मग काल मी एक गंमत केली. ती कंदीलवाली गुपचूप त्याच्या निळ्या जोडात घातली. त्याला ओढताना मिळाली. मांडली नाही. खणात खोचली नाही. थोडा वेळ हातात धरून बसला आणि टेबलावरून सरकवत माझ्या बाजूला आणून ठेवली. समज गेलेला माणूस सगळीकडे चुकेल ना? हा एकाच पानाला का चुकतो?

एवढं सांग, मग मी त्याचे कपडे भरते.

आत्या

२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र सोमवारी आलं. मी दुकानात एका मुलीचे डोळे तपासत होते. "आता नीट दिसतं की आता?" असं विचारता विचारता मला आठवलं आणि पुढचं विचारताच येईना. ती बिचारी दोन्ही काचा सारख्याच दिसतात म्हणत बसली.

ते जोड बाबांनी आई गेल्यावर आणले. आई जाऊन महिनाही झाला नसेल. मी आठ वर्षांची. शाळेतून आले की घरात कोणी नसायचं, तू तेव्हा दुसऱ्या गावी होतीस. बाबा दुपारचे शिकाऊ बंद करून घरी यायचे आणि आम्ही जेवायच्या टेबलावर खेळायचो. मला लाल, त्यांना निळा. पहिल्याच डावात त्यांनी माझी कंदीलवाली मारली. मी ती राखेत टाकायला तयार होईना. ती आईसारखी अजिबात दिसत नाही, तू बघितलीच आहेस, नाक केवढं आहे. पण बाई होती आणि मेली होती. मी टेबलाखाली जाऊन बसले. बाबाही खाली आले, एवढा उंच माणूस, खुर्च्यांच्या पायांमध्ये. त्यांनी ते पान माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ठकू, मी नियम नीट वाचला नव्हता. ही कंदीलवाली राखेत जात नाही. ही तुझ्या हातात परत येते."

मला वाटतं मी खूप वर्षं तो खरा नियम समजत होते. कॉलेजात पहिल्या स्पर्धेत मी मेलेली कंदीलवाली हातात परत घेतली आणि सगळे हसले. तिथल्या पंचाने मला पुस्तक दाखवलं. मी इतकी ओशाळले की ते पुस्तक पाठ करून स्वतःच पंच झाले. आणि आमचा नियम पार विसरले, आत्या. मी विसरले. बाबा नाही. ज्याच्या हातात लाल जोड त्याला कंदीलवाली परत मिळते, मग तो हरेना का. तुझ्या ढालवाल्यासाठी त्यांनी कधी तो नियम केलाच नव्हता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तू सहा चुका करून तपासलंस, मी एका बरोबर खेळीवरून त्यांना वरच्या मजल्यावर पाठवत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की दोन दिवस फोन उचलला नाही.

केंद्राला सांगितलं, वरचा मजला नको, आणि खालचाही अजून ठरलेला नाही. शुक्रवारी येते. कपडे भरू नकोस. मागे मी लिहिलं होतं, बोलू शकत असते तर त्यांनाच विचारलं असतं. आता विचारते. कसं विचारायचं ते मला सुचलंय, ते तर मी रोजच करते. फक्त त्या वेळी तू खाली दुकानात बसायचंस. तुझा चेहरा समोर नको.

ठकू

१२ मार्च

प्रिय आत्या,

काल पोचले. तुला खाली पाठवलं म्हणून तू निघेपर्यंत माझ्याशी तुटक बोलत होतीस, म्हणून वर काय झालं ते सगळं लिहिते.

आधी आम्ही एक डाव खेळलो. माझी कंदीलवाली मेली आणि, शपथ घेऊन सांगते, मुद्दाम नाही, हात सवयीने राखेकडे गेला. टकटक! त्यांनी ती उचलली आणि माझ्या हातात दिली. मग मला थोडा वेळ काही दिसेना. चष्म्याच्या दुकानात काम करून काय उपयोग?

मग फोटो मांडले. एक तुझ्याकडच्या खोलीचा, ती खिडकी आणि खुर्ची. एक केंद्राच्या बागेचा, तळमजल्यावरचा. एक माझ्या घराचा, त्यात मी त्यांच्यासाठी पलंगही लावून ठेवला होता. तीन एकदम ठेवले नाहीत. दोन दोन ठेवले. म्हटलं, "बाबा, राहायचं कुठे? हे की हे?" डाव्या हाताने डावीकडचंच उचलतील अशी शंका होती, म्हणून बाजू बदलून पुन्हा विचारलं. आधी बाग आणि तुझी खोली. खोली उचलली. बदललं, तरी खोली. मग माझं घर आणि बाग. माझं घर उचललं, दोन्ही वेळा. मग माझं घर आणि तुझी खोली.

तुला खरं सांगते, मला मनातून हवं होतं की ते माझं घर उचलतील. त्यांनी दोन्ही फोटो बराच वेळ बघितले. पलंगावर बोट ठेवलं. मग तुझी खोली उचलली. मी बाजू बदलली, पुन्हा खोली. मी आणखी एकदा बदलायला हात घातला तर टेबलावर दोनदा टकटक. आणि "चला." रोज माणसं मला हेच म्हणत असतील मनातल्या मनात, की बाई, सांगितलं ना एकदा.

मला वाईट वाटलं. लपवत नाही. पण त्यांनी उत्तर दिलं, आणि मी ते पाळणार आहे. केंद्रातली जागा सोडली. सोमवारपासून सकाळी एक मदतनीस येईल, चांगला दणकट आहे, उचलणं-बसवणं त्याचं. तू हात लावायचा नाहीस, इस्त्रीवाल्याला मी हेर नेमलंय. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतील. त्यांना मी खेळाचं सांगितलं, तर म्हणाल्या की येताना नियमांचा कागद वाचायला हवा. तुझ्या मशीनवरचा दाखव. त्यात कंदीलवालीची ओळ आपण वाढवली आहे, ती मी मोठ्या अक्षरात लिहिली आहे.

निघताना त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी माझ्या पिशवीला घट्ट धरून ठेवलं होतं, सोडेनात. मी रडत होते, तू मला जिन्यातून ओढलंस. जाणं आवडलं नसेल त्यांना. आता इतक्यात मला सुट्टी मिळणं कठीण आहे, पावसाळ्यानंतर बघते.

ठकू

१८ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुटक बोलत नव्हते, घाबरले होते. खाली बसून एका पँटीचा एकच पाय दोनदा आखूड केला. गिऱ्हाईक अजून यायचंय. माझी खोली उचलली म्हणून तुला वाईट वाटलं ना? वाटू दे. मलाही तुझ्याइतकंच वाईट वाटलं असतं.

मदतनीस चांगला आहे, जेवतो फार. वाचाशिक्षिका येऊन गेल्या. आल्या आल्या मशीनवरचा कागद वाचून घेतला.

आता एक अडचण झाली आहे. कंदीलवाली सापडत नाही. तू गेलीस त्या संध्याकाळी मी पानं आवरली, तेव्हापासून नाही. मशीनखाली बघितलं, गादीखाली बघितलं, चिंध्यांचं पोतं पालथं केलं. इस्त्रीवाल्याने आपले सगळे कपडे झटकले. दादाला विचारलं तर एका बाजूने हसतो आणि म्हणतो, चला. मला तर त्याच्यावरच संशय आहे.

आणि तेव्हापासून माझ्याशी खेळत नाही. मी लाल जोड पिसून काटायला ठेवला की टकटक. मी म्हणते, अरे, एक पान कमी आहे, एवढं काय? टकटक. वाचाशिक्षिकांनी ठेवून बघितला, त्यांनाही टकटक. सगळं मांडून ठेवतो, पट्टी बांधून घेतो, निळा जोड पुढे घेतो, आणि तुझ्या खुर्चीकडे बघत बसतो.

म्हणून तुला पंच म्हणून विचारते, नीट पुस्तक बघून सांग. एकोणचाळीस पानांनी खेळता येतं का?

आत्या

२३ मार्च

प्रिय आत्या,

नाही येत. जोड बरोबर चाळीस पानांचाच लागतो, त्याशिवाय डाव सुरू होत नाही. बाबांचं बरोबर आहे.

तुझं पत्र वाचून मी पिशवी उलटी केली. कंदीलवाली माझ्या चष्म्याच्या डबीत होती.

शनिवारी घेऊन येते. पिसून ठेवा.

ठकू